आयसी-३८ मध्ये नापास झालात? पुस्तक उघडायच्या आधी हे करा

विमा एजंट व्हायचं तर आयसी-३८ परीक्षा पास व्हावी लागते. ५० प्रश्न, १ तास, पासिंग ३५ टक्के, म्हणजे १८ उत्तरं बरोबर. चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत. तरी काही जण अडकतात. मग तेच पुस्तक पहिल्या पानापासून परत वाचतात. त्याने येत होतं तेच पक्कं होतं, चुकलेलं तसंच राहतं.

१) त्याच दिवशी वही काढा. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, प्रश्नपत्रिका घरी आणता येत नाही. जव्हार-मोखाड्याकडे परत येताना एसटीतच आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढा.

२) तीन खाने करा. माहीतच नव्हतं: तो धडा वाचा. दोन गोष्टींत गोंधळ झाला: दोन्ही शेजारी-शेजारी लिहा. 'यापैकी कोणते नाही' यातला 'नाही' सुटला: घड्याळ लावून सराव करा.

३) प्रत्येक चुकीपुढे आपल्या पाड्यातलं एक गिऱ्हाईक उभं करा.

ग्रेस पिरियड: मासिक हप्त्याला १५ दिवस, तिमाही, सहामाही, वार्षिकला ३०. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या माणसाला तुम्ही "महिनाभर चालेल" म्हणालात आणि हप्ता मासिक निघाला, तर? पॉलिसी बंद पडेल, आणि ऐन गरजेला घरच्यांना विम्याचा आधार राहणार नाही.

कलम ३८ आणि ३९: ३८ म्हणजे असाइनमेंट, पॉलिसीचे हक्कच दुसऱ्याकडे जातात. ३९ म्हणजे नॉमिनेशन, हक्क विमाधारकाकडेच राहतात, फक्त त्याच्यामागे पैसे कोणी घ्यायचे ते ठरतं. बायकोचं नाव लावायला आलेल्या माणसाकडून भलत्याच फॉर्मवर सही घेऊन चालेल का?

फ्री लूक: जुन्या झेरॉक्स नोट्समध्ये १५ दिवस दिसतील. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमात ३० दिवस आहेत. म्हणून आधी नोट्सचं वर्ष बघा.

पेपरात एक मार्क जातो, गावात एका घराचं नुकसान होतं. म्हणून १८ वर थांबू नका, सरावात ३५ चं टार्गेट ठेवा.

गृहपाठ: तिन्ही खान्यांतला एक-एक प्रश्न घरातल्या माणसाला आपल्या बोलीत समजावून सांगा. त्याला कळलं, तर समजा तुम्हाला आलं.