‘ॲज इफ’नंतरचा भूतकाळ

वसतिगृहातील मुलांना आम्ही एकदा इंग्रजीत पत्र लिहावयास सांगितले. स्वयंपाकघरातील मावशींविषयी एका विद्यार्थ्याने लिहिले : ‘शी लव्ह्ज अस ॲज इफ वुई आर हर चिल्ड्रन.’ आम्ही ‘आर’च्या जागी ‘वेअर’ केले. त्याने विचारले, “सर, मावशींची माया आजही आहे, मग भूतकाळ कशाला?” प्रश्न रास्त होता. अनेक माजी विद्यार्थ्यांच्या मनातही तो असेल, म्हणून त्याचे उत्तर येथे मांडीत आहोत.

मराठीत आपण ‘जणू आम्ही त्यांचीच मुले आहोत’ असे म्हणतो. क्रियापद वर्तमानकाळीच राहते; कल्पनेचा भार ‘जणू’ हा शब्द वाहतो. इंग्रजीत ‘ॲज इफ’ व ‘ॲज दो’ यांच्या जोडीने क्रियापदाचे रूपही तो भार उचलते. येथील भूतकाळी रूप गेलेला काळ नव्हे, तर वास्तवापासूनचे अंतर दाखविते.

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. गोष्ट खरी असण्याचा संभव असेल तर वर्तमानकाळ : ‘इट लुक्स ॲज इफ इट इज गोइंग टू रेन.’ आभाळ खरोखरच भरून आले आहे.

२. गोष्ट वास्तवात नसेल तर भूतकाळी रूप : ‘ही टॉक्स ॲज इफ ही न्यू एव्हरीथिंग.’ त्याला सर्व ठाऊक नाही. औपचारिक लेखनात ‘बी’ या क्रियापदाचे येथे सर्व पुरुषी ‘वेअर’ होते.

३. अवास्तव गोष्ट आधी घडल्यासारखी दाखवावयाची असेल तर पूर्ण भूतकाळ : ‘शी लुक्स ॲज इफ शी हॅड सीन अ घोस्ट.’

मुख्य क्रियापद भूतकाळी झाले, तरी दुसऱ्या नियमातील रूप बदलत नाही : ‘ही टॉक्ड ॲज इफ ही न्यू एव्हरीथिंग.’ बोलणे व जाणणे एकाच वेळचे असल्याने ‘हॅड नोन’ नको.

बोलण्यात ‘वेअर’ऐवजी ‘आर’ किंवा ‘वॉज’ सर्रास ऐकू येतात. त्यावरून कोणास हसू नये. अर्जात व परीक्षेत मात्र ‘वेअर’ लिहिणे श्रेयस्कर.

हे ऐकून तो विद्यार्थी हिरमुसला. “मग ‘वेअर’ लिहिले की मावशी परक्या ठरतात ना?” आम्ही म्हणालो, “नाते रक्ताचे नाही, एवढेच ‘वेअर’ सांगते. ते नसतानाही त्यांनी माया केली, हे वाक्याचा उरलेला भाग सांगतो.” त्याने क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या हाताने ‘वेअर’ लिहिले.