निळा फेटा

मराठी हा विशेष विषय घेतलेल्या तृतीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थिनीने चिपविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. कारण घरगुती आहे. १९९१ साली आमच्या याच महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात बाबांनी नाटकात काम केले होते. त्याची व्हीएचएस कॅसेट आमच्याकडे आहे. बाबा आता नाहीत. त्यांचे हलते-बोलते रूप तेवढ्या एका कॅसेटमध्ये उरले आहे. गेल्या दिवाळीत ती संगणकावर उतरवून घेण्यासाठी एका दुकानात दिली. फाइल लावून पाहिली तर बाबांचा चेहरा निळसर आणि डोक्याला निळाभोर फेटा. "टेपच गेली आहे, टाकून द्या," असे दुकानदार म्हणाले. आई मात्र एवढेच म्हणाली, "फेटा लाल होता. मी पहिल्या रांगेत होते."

मला एक गोष्ट खटकली. चित्राच्या कडा स्वच्छ होत्या, उजेड-सावली जिथल्या तिथे होती. टेप खराब झाली तर ती नेमके रंगच कसे बिघडवील? हा प्रश्न घेऊन मी इलेक्ट्रॉनिक्स विभागातील सरांकडे गेले. पुढे जे लिहिते आहे ते त्यांच्याकडून शिकलेले आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

कॅसेटमधून येणारा संकेत अखंड, लाटेसारखा असतो. एक चिप त्याचे आकडे करते आणि दुसऱ्या चिपकडे पाठवते. हे आकडे ज्या दरवाजाने आत येतात तो व्हिडिओ पोर्ट. आकड्यांसाठी आठ तारा, क्लॉकसाठी एक. प्रत्येक ठोक्याला एक बाइट, म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा, आत येतो आणि असे ठोके सेकंदाला २ कोटी ७० लाख पडतात. हा वेग कुणी लहरीने ठरवलेला नाही. आपली ६२५ ओळींची पद्धत आणि अमेरिका-जपानची ५२५ ओळींची, दोन्हींत एका ओळीत पूर्ण संख्येने नमुने बसावेत म्हणून १९८२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारस ६०१ मध्ये सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने ठरले. आपल्या ओळीत ते ८६४ होतात, त्यांच्या ओळीत ८५८. प्रत्येक नमुन्याला दोन बाइट लागतात, म्हणून ठोके दुप्पट.

बाइट येण्याचा क्रम असा: निळेपणा, उजेड, लालपणा, उजेड, पुन्हा निळेपणा, उजेड... माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक रंगातल्या फरकापेक्षा बारकाईने कळतो. त्यामुळे उजेड प्रत्येक ठिपक्याला वेगळा, पण रंगाची जोडी दोन ठिपक्यांत मिळून एक. ही काटकसर मला मोठी शहाणपणाची वाटली.

पण ओळ कुठे सुरू झाली हे पोर्टाला कसे कळावे? त्यासाठी वेगळी तार नाही. खूण त्याच प्रवाहात येते: २५५, ०, ० आणि मग चौथा एक बाइट. चित्राच्या मजकुरात ० आणि २५५ हे आकडे वापरायचेच नाहीत असा नियम आहे, त्यामुळे खूण आणि मजकूर यांची गल्लत होत नाही. चौथ्या बाइटमधले तीन बिट सांगतात: क्षेत्र पहिले की दुसरे, चित्राची ओळ की रिकामी, ओळीचा आरंभ की शेवट. आणखी चार बिट पडताळणीसाठी. एखादा बिट वाटेत बिघडला तर त्यांवरून तो दुरुस्तही करता येतो. 'आरंभ' वाचला की पोर्ट पुढचे १४४० बाइट उचलतो आणि उजेड, निळेपणा, लालपणा यांच्या वेगवेगळ्या रांगा लावतो.

या रांगांची गोष्ट अधिक बिकट आहे. बाइट येतात पाठवणाऱ्या चिपच्या ठोक्यावर, आतली मेमरी चालते स्वतःच्या ठोक्यावर, आणि त्या मेमरीवर इतरांचाही हक्क असतो. पाठवणारा तर थांबत नाही. त्याला "जरा थांब" म्हणायची सोयच नाही. म्हणून मध्ये छोटा साठा ठेवतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीएम६४२ या चिपमध्ये प्रत्येक व्हिडिओ पोर्टाला असा ५१२० बाइटांचा साठा आहे. तो दोन चॅनेलांत वाटला तर प्रत्येकी २५६०, म्हणजे दोन ओळीही पुऱ्या मावत नाहीत, आणि एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत संपते! साठा वेळेत उपसला नाही तर तो तुंबतो आणि येणारे बाइट वाया जातात. मग चित्राला पट्टे पडतात. आमच्या फाइलीत पट्टे नव्हते.

सरांनी कागदावर बाइटांचा क्रम लिहिला आणि मला म्हणाले, "आता मोजणी दोन बाइट उशिरा सुरू कर." लालपणा निळेपणाच्या जागी आला, उजेड मात्र उजेडाच्याच जागी राहिला. एकच बाइट सरकला असता तर उजेड आणि रंग यांचीच अदलाबदल होऊन चित्र ओळखू आले नसते. दुकानातल्या यंत्रात पोर्टाची मोजणी चुकली होती की पुढच्या प्रोग्रामने क्रम उलटा धरला होता, हे नुसत्या फाइलीवरून सांगता येत नाही. दोन्हींचे फळ एकच.

प्रयोगशाळेतल्या संगणकावर फाइलीतले लालपणाचे आणि निळेपणाचे आकडे आपसांत बदलायला दहा मिनिटेही लागली नाहीत. कॅसेट मी कपाटात नीट उभी ठेवली आहे. घरी आईने फाइल दोनदा पाहिली आणि बाबा हात उंचावतात तिथे थांबवून विचारले, "यांच्या बोटांना हे कंगव्यासारखे दात का?" मी तिला सांगितले की विषम आणि सम ओळींची दोन क्षेत्रे एक-पन्नासांश सेकंदाच्या अंतराने टिपलेली असतात, तेवढ्या वेळात हात पुढे सरकला होता.