साक्षीचे क्रियापद

वाक्य सत्य असूनही ते उच्चारणारा खोटा ठरू शकतो काय? पवित्र कुरआनच्या ६३ व्या सूरहची, म्हणजे सूरह अल्-मुनाफिकूनची, पहिलीच आयत या प्रश्नाचे उत्तर देते. मदीनेतील मुनाफिक प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येत आणि आपण अल्लाहचे प्रेषित असल्याची आम्ही साक्ष देतो, असे म्हणत. हे विधान निखळ सत्य आहे. अल्लाहने त्याच आयतीत ते आपल्या ज्ञानाने पक्के केले आहे. तरीही आयतीच्या अखेरीस मुनाफिक खोटे असल्याची साक्ष अल्लाहच देतो. भाष्यकारांनी याचा उलगडा असा केला आहे की, खोटेपणा विधानात नव्हता, तो 'साक्ष देतो' या शब्दांत होता. साक्ष म्हणजे जे जिभेवर आहे ते अंतःकरणातही असल्याची ग्वाही. अंतःकरण रिकामे असताना त्यांनी ते क्रियापद उचलले. आयतीतील तीन क्रियापदे क्रमाने पाहावीत: मुनाफिकांचे 'नश्हदु', अल्लाहचे 'यअलमु' आणि पुन्हा अल्लाहचे 'यश्हदु'. सारा निवाडा या तीन शब्दांत झाला आहे.

क्रियापदाकडे असे बारकाईने पाहण्याची सवय आपल्या मराठीतही लावून घेता येते. आपल्या यावल तालुक्यातलेच उदाहरण घेऊ. 'केळीचा भाव उतरल्याचे शेतकऱ्याला ठाऊक होते' या वाक्यात भाव खरोखरच उतरला आहे. आता नकार घाला: 'केळीचा भाव उतरल्याचे शेतकऱ्याला ठाऊक नव्हते.' शेतकरी अनभिज्ञ झाला, पण भाव उतरलेलाच राहिला. याउलट 'भाव उतरला असे शेतकऱ्याला वाटत होते' किंवा 'वाटत नव्हते', यांपैकी काहीही म्हटले तरी बाजारात काय घडले याचा पत्ता लागत नाही. ठाऊक असणे, कळणे, आठवणे, उमगणे ही क्रियापदे आपल्या पोटातील विधानाचा भार स्वतः उचलतात. वाटणे, मानणे, दावा करणे ही उचलत नाहीत. आणि 'भाव उतरला म्हणे' असे म्हटले की बोलणारा आपला हात काढून घेतो. ऐकणाऱ्याने तोडलेला माल त्या भावात द्यावा की थांबावे, हे त्याचे त्याने पाहावे.

'समजणे' हे क्रियापद तर विलक्षण आहे. 'तो घरी आहे हे मला समजले' म्हणजे तो घरीच आहे. 'तो घरी आहे असे मी समजत होतो' म्हणजे बहुधा तो घरी नव्हता. धातू एकच. पहिल्या वाक्यात 'मला' आहे, जाणीव बाहेरून माझ्याकडे आली. दुसऱ्यात 'मी' आहे, ती मीच घडवली. एका विभक्तीने सत्य आणि भ्रम यांत अंतर पडते. व्याकरण शिकताना या 'मला' आणि 'मी' मधील फरकाकडे आपण क्वचितच लक्ष देतो.

अरबीतील 'ज़न्न' या शब्दाचे असेच आहे. सूरह अल्-हुजुरातच्या १२ व्या आयतीत पुष्कळशा ज़न्नपासून दूर राहण्याची आज्ञा आहे, कारण त्यातील काही पाप असते. तेथे अर्थ संशय, तर्क असा आहे. परंतु सूरह अल्-बकरहच्या ४६ व्या आयतीत आपल्या पालनकर्त्याची भेट होणारच असे जाणणाऱ्या विनम्र लोकांसाठी हेच क्रियापद येते, आणि भाष्यकार तेथे त्याचा अर्थ दृढ विश्वास असा करतात. म्हणून केवळ कोश उघडून अनुवाद करू नये. 'ज़अम' या क्रियापदाचा कल मात्र बहुतांशी एकाच बाजूला आहे. मेल्यानंतर पुन्हा उठवले जाणार नाही, असे नाकारणाऱ्यांचे म्हणणे सूरह अत्-तगाबुनच्या ७ व्या आयतीत सांगितले आहे, तेथे 'म्हणाले' नाही, 'ज़अम' आहे. मराठीत तेथे 'म्हणाले' लिहिणारा अनुवाद अर्धा अर्थ गाळतो. 'समजून बसले' किंवा 'दावा केला' हे जवळचे आहे. अर्थात यालाही अपवाद आहेत. वाळवंटातून आलेल्या एका प्रश्नकर्त्याने प्रेषितांना (स.) त्यांच्याच दूताचे सांगणे 'ज़अम' याच शब्दाने ऐकवले आणि प्रेषितांनी (स.) प्रत्येक वेळी ते खरे असल्याचे सांगितले, असे सहीह मुस्लिममध्ये आहे.

सुनन अबू दाऊदमधील एका हदीसमध्ये 'ज़अमू' म्हणजे 'लोक म्हणतात' या शब्दाला माणसाचे वाईट वाहन म्हटले आहे. उपमा मोठी समर्पक आहे. ज्या ठिकाणी आपल्या पायांनी जाण्याचे धैर्य नाही, तेथे माणूस 'म्हणे'वर बसून जातो. सोयरिकीच्या चौकशीसाठी पाहुणे येतात, कोणी शेजारी हळूच सांगतो, 'मुलगा पितो म्हणे.' सांगणाऱ्याला वाटते, मी तर काहीच ठामपणे बोललो नाही. पण सोयरीक मोडते ती ठामपणे मोडते. हजरत आयेशा (रजि.) यांच्यावरील बालंटाच्या प्रसंगी मदीनेत हेच घडले होते. सूरह अन्-नूरच्या १५ व्या आयतीत दोष दिला आहे तो ज्ञान नसलेली गोष्ट जिभेवरून जिभेवर घेणाऱ्यांना. त्यांना ती क्षुल्लक वाटत होती आणि अल्लाहजवळ ती फार मोठी होती. त्याच प्रसंगी हजरत ज़ैनब बिन्ते जहश (रजि.) यांना विचारण्यात आले. त्या हजरत आयेशा (रजि.) यांच्या सवत. त्यांनी आपले कान आणि डोळे जपण्याची भाषा केली आणि आपल्याला चांगल्याशिवाय काही ठाऊक नाही असे सांगितले. जेवढे ऐकले-पाहिले तेवढेच 'ठाऊक', त्यापलीकडे शब्द नाही.

हदीसच्या विद्वानांनी या दक्षतेचे शास्त्र केले. 'हद्दसना' आणि 'समिअतु' म्हणजे मी स्वतः ऐकले. 'अन' म्हणजे केवळ 'अमुकाकडून', ज्यात मधला दुवा लपू शकतो. दुवा लपवण्याची सवय असलेल्या निवेदकाचे 'अन' म्हणूनच स्वीकारले जात नाही. त्याने ऐकल्याचे स्पष्ट सांगावे लागते. इमाम बुखारी (रह.) जेथे पूर्ण साखळी देत नाहीत, तेथे 'काल' म्हणजे 'म्हणाले' असा निश्चयाचा शब्द आणि 'युज़्करु' म्हणजे 'सांगितले जाते' असा कर्ता गाळलेला शब्द यांत विद्वान भेद करतात. पहिल्यात ज्याचे नाव घेतले त्याच्यापर्यंत कथन पोहोचल्याची हमी आहे, दुसऱ्यात ती नाही. इब्नुस्सलाह (मृत्यू हिजरी ६४३) यांनी हा नियम मांडला. इमाम नववी (मृत्यू हिजरी ६७६) यांनी तर, अनेक लेखक दुर्बल हदीससाठी 'म्हणाले' आणि सहीह हदीससाठी 'सांगितले जाते' असे उलटेच लिहितात, अशी स्पष्ट तक्रार केली. ती तक्रार आजच्या मराठी पत्रकांनाही लागू आहे. ज्ञानासाठी चीनपर्यंत जाण्याविषयीचे वचन आपण सर्रास 'प्रेषितांनी (स.) फर्मावले' म्हणून छापतो. इमाम बैहकी यांनी त्याच्या साखळ्या दुर्बल ठरवल्या आहेत आणि इब्नुल जौज़ी यांनी ते रचलेल्या कथनांत गणले आहे. तेथे 'फर्मावले' हे क्रियापद लिहिण्याचा अधिकार आपल्याकडे नाही.

फिक्हमध्ये हा प्रश्न प्रत्यक्ष निकालाचा होतो. हनफी मतानुसार न्यायाधीशापुढे साक्षीदाराने 'मी साक्ष देतो' असेच म्हणावे लागते. 'मला ठाऊक आहे' किंवा 'माझी खात्री आहे' असे म्हटल्यास, हिदायामध्ये लिहिल्याप्रमाणे, साक्ष स्वीकारली जात नाही. ज्ञान आणि खात्री माणूस ऐकूनही मिळवू शकतो. साक्षीच्या शब्दात प्रत्यक्ष पाहिल्याचा अर्थ आहे, शिवाय तो शपथेसारखा भारी आहे. तो उच्चारताना जीभ अडखळते, आणि तेच अपेक्षित आहे.

चंद्रदर्शनात तर शब्दागणिक नियम बदलतो. आकाश ढगाळ असेल तर रमजानच्या चंद्रासाठी एका विश्वासू माणसाची, पुरुषाची वा स्त्रीची, नुसती खबर पुरते. तेथे साक्षीचा शब्द आवश्यक नाही, कारण ती हदीस सांगण्यासारखी धार्मिक खबर आहे. ढगाळ आकाशातील ईदच्या चंद्रासाठी मात्र दोन पुरुष, किंवा एक पुरुष व दोन स्त्रिया, आणि साक्षीचा शब्द हवा. आकाश स्वच्छ असेल तर दोन्ही वेळी मोठ्या समूहाने पाहिलेले हवे.

आता २९ च्या संध्याकाळी भुसावळहून, जळगावहून, बुऱ्हाणपूरहून जे फोन येतात त्यांतील शब्द ऐका. 'चंद्र दिसला.' मराठीचे 'दिसणे' सोयीचे क्रियापद आहे. कोणाला दिसला हे न सांगताही वाक्य पूर्ण होते. घरातील बोलीत 'चाँद हो गया' म्हटले की पाहणाराच नव्हे, पाहणेही गळून जाते. अशा वेळी फोनवरच्या माणसाला विचारावे: कोणाला दिसला? तुम्हाला? तुम्ही स्वतः पाहिला? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकदा उत्तर येते, 'नाही, मलाही फोनच आला होता.' हा माणूस खोटे बोललेला नाही, पण त्याच्याजवळ साक्षही नाही. ज्याने पाहिला असेल त्याने मशिदीत समक्ष यावे आणि म्हणावे, 'मी आज संध्याकाळी माझ्या डोळ्यांनी चंद्र पाहिला, अशी मी साक्ष देतो.' आणि त्याच्या शेजारी गच्चीवर उभ्या असलेल्या दुसऱ्याला चंद्र दिसला नसेल, तर त्यानेही 'मी पाहिला नाही' एवढेच सांगावे. 'चंद्र नव्हता' असे म्हणू नये.