शामक गोळ्या, स्वभाव आणि हिंसा

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही बेन्झोडायझेपाइन गटातील औषधे तीव्र चिंता आणि निद्रानाश यांवर दिली जातात; चेतापेशींची उत्तेजना रोखणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव ती वाढवतात आणि त्यामुळे मन निवते. तरीही मालेगाव आणि मराठवाड्यातील काही शहरांत ‘कुत्ता गोळी’ किंवा ‘बटन’ या नावांनी याच गोळ्या नशेसाठी विकल्या जातात आणि मारहाणीच्या, चाकूहल्ल्यांच्या बातम्यांत त्यांचा उल्लेख वारंवार येतो.

मेंदूच्या पुढील भागाकडे आवेग आवरण्याचे काम असते आणि जास्त मात्रेत, विशेषतः दारूच्या जोडीने, हा आवरच सैल पडतो. शांत होण्याऐवजी रुग्ण अस्वस्थ व संतप्त होतो, तेव्हा त्या अवस्थेला ‘विरोधाभासी प्रतिक्रिया’ म्हणतात. वैद्यकीय देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांत ती क्वचितच दिसते. मग ती नेमकी कोणात उफाळते, हे पाहताना स्वभावाचा विचार टाळता येत नाही. सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारात, म्हणजे भावना क्षणात टोक गाठतात आणि नाती सतत वादळी राहतात अशा अवस्थेत, अल्प्राझोलाममुळे स्वतःवरील ताबा सुटल्याची निरीक्षणे अमेरिकेत १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली होती.

याहून महत्त्वाचा, आणि बहुधा दुर्लक्षित राहणारा, घटक म्हणजे गोळी घेण्यामागचा हेतू. स्वीडनमधील तरुण गुन्हेगारांवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लुनायट्राझेपाम या शामकाचा आणि दारूचा एकत्रित वापर, त्यातून येणारी निर्भयता व सामर्थ्याची भावना, बळी पडलेल्याविषयी आटलेली कणव आणि नंतर कृत्य न आठवणे, हे सारे एकत्र आढळले. झोप लागावी म्हणून घेतलेली गोळी आणि भीती मरावी म्हणून दारूसोबत घेतलेल्या चार गोळ्या, यांत औषध एकच असले तरी प्रकृती वेगळी असते. म्हणूनच सगळा दोष गोळीवर किंवा सगळा दोष संगतीवर ढकलणे सोयीचे असले, तरी उपचारासाठी ते निरुपयोगी ठरते. व्यसनी तरुणाला ‘किती घेतोस’ याच्या आधी ‘कशासाठी घेतोस’ हे विचारले गेले पाहिजे.

जीभ जड होणे, तोल जाणे, आदल्या रात्रीचे काहीच न आठवणे, आजीच्या औषधांच्या डब्यातील पट्टी वेळेआधी रिकामी होणे आणि गोळी न मिळाल्यास चिडचिड वाढणे, ही लक्षणे कुटुंबीयांनी गांभीर्याने घ्यावीत. मात्र संतापाच्या भरात गोळ्या एकदम बंद करू नयेत, कारण दीर्घकाळ घेतलेले औषध अचानक थांबल्यास आकडी येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. मात्रा मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच, आठवड्यागणिक थोडी थोडी उतरवावी लागते. या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदेशीर आहे, तेव्हा त्या सहज देणाऱ्या दुकानाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. तातडीच्या सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. गोळी घेतल्यावर माणूस अधिकच बिथरला, तर मात्रा कमी पडली असे समजून आणखी एक गोळी कदापि देऊ नये आणि घेतलेल्या औषधाची पट्टी सोबत घेऊन त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे.