जू उतरवण्याचा दिवस

जळगाव जामोदला रेल्वे नाही. नांदुऱ्याचे स्टेशन गाठायचे तर पूर्णा ओलांडावी लागते. बाहेरगावी नोकरी असलेल्याचा दिवस त्यामुळे एस.टी.त नाहीतर मोटारसायकलवर उगवतो. याला अपडाउन म्हणतात. थकवा रस्त्याने येतो, पण त्याहून जास्त येतो अपडाउनवर चढवलेल्या इतर कामांनी. प्रस्तुत लेखकाने शाळेची नोकरी, संध्याकाळच्या शिकवण्या, रविवारी दोन एकर कपाशी आणि प्लॉटचे हप्ते अशी नऊ वर्षे काढली. हप्त्यांसाठी शिकवण्या, शिकवण्यांना वेळेत पोचायला नवी गाडी, आणि गाडीचा आणखी एक हप्ता. एका संध्याकाळी गाडीवरच डोळा लागला, गाडी नालीत गेली आणि खांद्याचे हाड मोडले.

त्यानंतरची चूक अधिक मोठी होती. प्लास्टर निघताच त्याने गाडी विकली, शिकवण्या एका दिवसात बंद केल्या, फोन कपाटात ठेवला. घरी शांतता आली ती त्याच्यापुरती. बाजार, दळण, म्हाताऱ्या आईची औषधे हे सगळे पत्नीच्या पायांवर आले, आणि हप्ते चुकले ते वेगळेच. घरातल्या दुसऱ्या माणसाचे काम वाढवणारा साधेपणा हा साधेपणा नव्हे.

दुसऱ्यावर भार न टाकणाऱ्या साधेपणाची मोठी शाळा विदर्भातच झाली. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला गेले, त्याचे नाव तेव्हा शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, म्हणून 1940 मध्ये त्याचे सेवाग्राम झाले. गांधीजींच्या तिथल्या कुटीत माणसांची आणि पत्रांची रीघ कमी नव्हती. तरी सोमवारी त्यांचे मौन असे. दिवस ठरलेला, सगळ्यांना माहीत असलेला. निकड असली तर चिठ्ठीवर लिहून उत्तर. काम टाकलेले नव्हते, त्याला हद्द घातली होती.

संसारी माणसाला हेच जमण्यासारखे आहे. आधी हप्ते मोजावेत, कारण धावपळीचे मूळ बहुधा तिथे सापडते. एक फिटेपर्यंत दुसरा घेऊ नये. नंतर एकच काम सोडावे, तेही घरच्यांशी बोलून, आणि ते कोणाकडे जाणार हे आधी ठरवून. शिकवण्या पुन्हा सुरू केल्यावर लेखकाने दुसऱ्या खेपेस फक्त शनिवारची शिकवणी सोडली आणि त्या वेळात दळण व औषधे स्वतःकडे घेतली. झोप परत यायला दोन महिने लागले.

आठवड्यातून एक दिवस मोकळा ठेवावा. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदशेकणीत बैलाचे खांदे शेकतात, दुसऱ्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. राबणाऱ्या जनावराला मिळणारी ही सवड माणसाने स्वतःला नाकारू नये. मात्र कपाशीच्या वेचणीत मजूर मिळतील तोच दिवस धरावा लागतो. अशा वेळी मोकळा दिवस पुढे सरकवावा, पण त्याच आठवड्यात घ्यावा.