हात माझा हलत नव्हता

‘साहेब, तुमचा हात हलतोय.’ पुण्यातल्या त्या दुकानदाराचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहून टाकतो. स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे लांबचे पक्षी बघायच्या दुर्बिणीला, कॅमेरा जोडायचं साहित्य घ्यायला निघालेल्यांनी आधी हे वाचावं. माझा हात हलण्याचा प्रश्नच नव्हता. स्कोप ट्रायपॉडवर, शटर रिमोटवर आणि मी दोन पावलं मागे. तरी हात हलतोय!

आम्हा शिरूरकरांना पाणपक्षी बघायला दोन वाटा. जवळची घोड धरणाची, चिंचणीला. लांबची न्हावरे-चौफुला करत दौंडच्या अंगाला, राजेगाव-खानोट्याकडे, जिथे उजनी धरणाचं पाणी मागे फुगून येतं. पुढे भिगवण आहेच. हिवाळ्यात पट्टकादंब, रोहित सगळे येतात, पण बसतात काठापासून लांब. होडी जवळ न्यावी तर थवा उठतो, शिवाय डुलत्या होडीत स्कोपचा काही उपयोग नाही. काठावर बैठक मारायची आणि पक्ष्याला पत्ता लागू न देता फोटो काढायचा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

माझ्या ६५ मिलिमीटरच्या स्कोपमधून पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे डोळ्याला स्वच्छ दिसायचे. तोच पक्षी कॅमेऱ्यात आला की पट्टे विरघळून जायचे. हे नुसतं हौसेचं दुखणं नाही. मंगोलियात गळपट्टी बसवलेले पट्टकादंब महाराष्ट्रात दिसल्याच्या नोंदी आहेत. त्या पट्टीवरची अक्षरं फोटोत वाचता आली, तर तो पक्षी नेमका कोणता हे कळतं. धुरकट फोटो कुणाला पाठवणार?

दुकानदाराकडे कारणं तयार. आधी हात. मग ‘स्कोप आमच्याकडून नाही ना घेतलात’. मग हवा. शेवटी, ‘वयानुसार नजरेत थोडा फरक पडतो, साहेब.’ कॅमेरा स्कोपला जोडणाऱ्या अडॅप्टरचं नाव मात्र एकदाही निघालं नाही. ते त्यानेच विकलं होतं ना! ‘फुल मेटल बॉडी, एकदम लेटेस्ट टेक्निक’ म्हणून. लेटेस्ट कसलं? मलेशियाचे पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी १९९९ च्या सुमारास साधा डिजिटल कॅमेरा स्कोपला लावून ही वाट पाडली. ‘डिजिस्कोपिंग’ हा शब्द तेव्हापासूनचा.

शेवटी मीच छडा लावला. गोठ्याच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चारी कोपरे ताणून चिकटवलं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला स्कोप लावला, झूम सर्वांत कमी. डोळ्याने पाहिलं तर पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अक्षर न् अक्षर लागत होतं. म्हणजे स्कोप निर्दोष, आणि माझी नजरही. मग कॅमेरा जोडून फोटो काढला. डावीकडचे रकाने खणखणीत, ‘प्लॉट विकणे आहे’ खालचा फोन नंबरसुद्धा वाचता येतोय, आणि उजवीकडे नुसता राखाडी चिखल. कॅमेरा सरळच ठेवून मधलं अडॅप्टर तेवढं ढिलं केलं, अर्धा फेरा फिरवलं आणि पुन्हा फोटो घेतला. चिखल डावीकडे गेला.

मी तिथेच मटकन बसलो. अडॅप्टरची कडीच तिरकी होती. कॅमेऱ्याचं भिंग स्कोपच्या नेत्रिकेसमोर अगदी सरळ बसायला हवं. ते कललं की चित्राची एक बाजू फोकसबाहेर जाणारच. स्क्रू जिथे घासला होता तिथला रंग उडाला होता आणि आतून प्लास्टिक दिसत होतं. हीच ती फुल मेटल बॉडी.

दोन्ही फोटो घेऊन दुकानात गेलो. त्याने पडद्यावर बोटांनी मोठं करून पाहिलं आणि म्हणाला, ‘एवढं झूम करून कोण बघतं, साहेब? व्हॉट्सॲपला क्लिअर जातो.’ मग म्हणे बॉक्स फाटलाय, परत घेता येत नाही. बॉक्स त्याच्याच पोऱ्याने कटरने उघडला होता, माझ्या डोळ्यांदेखत.

असो. तुम्ही काय करायचं ते सांगतो.

खरेदीला जाताना स्वतःचा स्कोप आणि कॅमेरा बरोबर न्या. समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढा, अडॅप्टर अर्धा फेरा फिरवून पुन्हा काढा, आणि चारी कोपरे मोठे करून पाहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

६० पटीच्या झूमला भुलू नका. भिंगाचा व्यास भागिले पट, एवढा प्रकाशाचा झोत बाहेर पडतो. ६५ ला २० ने भागा, सव्वातीन मिलिमीटर. ६० ने भागा, जेमतेम एक. चित्रातला उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. २० ते ३० पटीतच राहा. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २० पट म्हणजे १००० मिलिमीटर झाले, आणखी किती हवंय?

तेवढ्या पटीला साधा वाराही फोटो बिघडवतो. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका, पाय पसरून बुटका ठेवा. रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा.

मोबाइल जोडणार असाल तर एक गोम लक्षात ठेवा. पुष्कळ फोन झूम किंवा उजेड बदलला की आपणहून दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात आणि पडदा काळा होतो. लेन्स कायम ठेवायची सोय असेल तर ती आधी शोधा. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड पक्का करा. बगळा, रोहित असे पांढरे पक्षी असतील तर उजेड थोडा उतरवा, नाहीतर पिसं दिसतच नाहीत.

ऊन चढलं की पाण्यावरची आणि माळावरची हवा थरथरते. तेव्हा लाखाचं भिंगही हात टेकतं. मुकाट चहा प्यायला जा. पहाटेचा उजेड उत्तम, पण शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. अंधारात एकटे फडाच्या कडेने जाऊ नका. बाकी धीर हवा, सराव हवा, हे सगळेच सांगतात.

आणि पक्कं बिल घ्या. मी घेतलं होतं म्हणून बोलू शकतो. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. मुदत दोन वर्षांची. पेटी उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा, म्हणजे फाटक्या बॉक्सचं कारण कुणाला पुढे करता येणार नाही. माझे पैसे अजून परत आलेले नाहीत.