स्टेअरिंगचे तेल गळते? आधी पाइप कोणता ते पाहा

कापडाच्या धंद्यात जुनी गाडी म्हणजे जुना मुनीम. कुरकुर करते, पण काम अडू देत नाही, म्हणून तिला काढून टाकवत नाही. आमची डिझेल गाडी २००४ सालची आहे. मालेगावहून धुळे आणि नाशिकच्या दुकानदारांकडे लुंगी आणि साड्यांचे गठ्ठे याच गाडीतून जातात. एकदा चांदवडला चहासाठी थांबलो, तेव्हा पुढच्या चाकाजवळ जमिनीवर लाल थेंब दिसले. आम्ही दुर्लक्ष केले. पुढे गाडी वळवताना घूं घूं असा आवाज येऊ लागला, तेव्हा तेलाची बाटली आणून डबी भरली आणि महिनाभर असेच भरत राहिलो. हा निव्वळ मूर्खपणा होता. तेलाचे पैसे गेलेच, शिवाय पंप कोरडा चालून जाण्याची वेळ आली होती.

अखेर गॅरेजात गेलो. तिथे पंपासकट सगळे पाइप नवे टाकायला सांगितले आणि असा खर्च सांगितला की त्यात आमच्या दोन फेऱ्यांची कमाई गेली असती. तिथून उठून आम्ही एका वयस्क उस्तादांकडे गेलो. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. आधी विचारले, "शेठ, गळतोय तो जाणारा पाइप की येणारा?" आम्हाला उत्तर देता आले नाही. आमच्यासारख्या अनेक व्यापारी बंधूंनाही ते देता येणार नाही, म्हणून हा लेख.

अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टेअरिंग विजेच्या मोटरवर चालते, त्यांत हे तेलच नसते. जुन्या गाड्यांत मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो डबीतले तेल ओढून जोराने स्टेअरिंगच्या रॅककडे किंवा बॉक्सकडे ढकलतो. हा झाला प्रेशर पाइप. तिथले काम झाले की तेल दुसऱ्या पाइपने सावकाश डबीत परत येते, तो रिटर्न पाइप. फरक किती? टायरमध्ये आपण ३०-३५ पौंड हवा भरतो. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवले की प्रेशर पाइपमधला दाब १,००० पौंडांच्याही वर जातो. रिटर्न पाइपमध्ये त्या मानाने काहीच दाब नसतो. मागावरचे उभे आणि आडवे सूत आपण जाणतोच. उभ्या सुताला सतत ताण सोसावा लागतो, म्हणून त्याला खळ लावून मजबूत करतात. आडव्या सुताला तेवढी गरज नसते. इथेही तसेच आहे.

गळती शोधण्यासाठी इंजिन बंद करून पाइप आणि जोड फडक्याने स्वच्छ पुसावेत. मग इंजिन चालू करून एकाने स्टेअरिंग दोन्हीकडे वळवावे आणि दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात पाहावे. पाइपखाली पुठ्ठा धरावा, बोट कधीच लावू नये. बारीक छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीत घुसते, आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. प्रेशर पाइप गळत असेल तर तेल सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर उडत नाही ना, हेही पाहावे. उडत असेल तर गाडी त्याच जागी उभी करावी. हे तेल पेट घेते.

गळती रिटर्न पाइपची निघाली तर खर्च फार थोडा. रबर कडक होऊन क्लिपपाशी तडकलेले असेल तर नवी नळी आणि दोन क्लिपांत काम भागते. नळी मात्र तेलासाठी बनवलेली हवी, जिच्या रबराच्या पोटात सुताची वीण असते. पाण्याची किंवा पारदर्शक प्लास्टिकची नळी गरम तेलात फुगून मऊ पडते आणि मग रस्त्यातच निसटते. काही गाड्यांत रिटर्नचे तेल गार व्हावे म्हणून रेडिएटरपुढे लोखंडी नळीचा वळसा दिलेला असतो आणि तो गंजतो. तेवढा गंजका तुकडा कापून मध्ये तेलाची नळी घालता येते. कापल्यावर कीस आत राहता कामा नये आणि प्रत्येक टोकाला दोन क्लिपा लावाव्यात.

प्रेशर पाइपवर असले ठिगळ चालत नाही. क्लिप, एम-सील, सायकलची ट्यूब यांपैकी काहीही टिकत नाही. गळती थांबवणारे औषध बाटलीत मिळते, ते रबरी सील थोडे फुगवते, फाटलेला पाइप जोडत नाही. पण नवा पाइप घेण्याआधी त्याच्या टोकाचा जोड पाहावा. तिथे तांब्याचे वॉशर किंवा रबराची ओ-रिंग असते आणि कित्येकदा गळती तिथेच असते. दोन वॉशर बदलले की काम झाले.

आमचा पाइप मात्र लोखंड आणि रबर जिथे दाबून जोडतात तिथेच फुटला होता. उस्तादांनी तो काढून आम्हाला ट्रॅक्टर आणि जेसीबीचे होज बनवणाऱ्या दुकानात पाठवले. तिथे जुनी टोके ठेवून मधली रबरी नळी नवी घातली आणि मशीनवर दाबून दिली. खर्च नव्या पाइपच्या पाव हिश्श्याएवढाही आला नाही. दुकानदाराला 'स्टेअरिंगचा प्रेशर पाइप' असे स्पष्ट सांगावे, तारेच्या विणीची नळी मागावी आणि तिच्यावर छापलेला दाबाचा आकडा स्वतः वाचावा. लांबी जुन्या पाइपएवढीच हवी. बसवण्याआधी पाइप आतून धुऊन हवेने फुंकून घ्यावा. एक दोष सांगायला हवा. कंपनीची नळी थोडी लवचीक असते आणि पंपाचे धक्के गिळते. ही जास्त कडक असते, त्यामुळे गाडी वळवताना थोडा आवाज राहतो. आमच्या गाडीतही राहिला आहे.

पाइप बसवल्यावर आतली हवा काढणे महत्त्वाचे आहे. पुढची चाके उचलून गाडी घोडीवर ठेवावी, नुसत्या जॅकवर नाही. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावे आणि डबीतले तेल कमी होईल तसे भरत जावे. मग इंजिन चालू करून पुन्हा फिरवावे, पण शेवटच्या टोकाला दाबून धरू नये. डबीत फेस दिसला तर हवा अजून आत आहे, थोडे थांबून पुन्हा करावे. तेल डबीच्या झाकणावर लिहिले असेल तेच घालावे. बऱ्याच गाड्यांत लाल एटीएफ चालते, काहींत हिरवे लागते, आणि दोन्ही एकत्र झाली तर सील खराब होतात.

रात्री इंजिनाखाली कोरा पुठ्ठा टाकून ठेवावा. आम्ही तीन रात्री टाकला. पहिल्या रात्री एक थेंब पडला, क्लिप आणखी अर्धा फेरा आवळली आणि नंतरच्या दोन्ही सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला. चौथ्या दिवशी गठ्ठे भरून गाडी धुळ्याला गेली.